कार्ड चालतं का?

३ मार्च, सोमवार

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वही ठेवायला सांगितली आहे. श्वास कधी अडकतो, तेव्हा मी कुठे असते, हाताखाली काय असतं, सगळं लिहायचं. "थोडक्यात लिहा," म्हणाले. थोडक्यात मला काही जमत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

तर थोडक्यात. वय एकोणपन्नास. बावीस वर्षं एकाच बेकरीत पीठ मळते. जानेवारीपासून कामावर गेलं की तासाभरात नाक गळायला लागतं, डोळे चुरचुरतात आणि मग छातीभोवती कुणी दोरी आवळल्यासारखं होतं. रविवारी बेकरी बंद, तेव्हा मी ठणठणीत. सोमवारी पुन्हा तेच रडगाणं.

ही ॲलर्जी दिसते, त्यातल्या तज्ज्ञाला दाखवा, असं डॉक्टर म्हणाले. सरकारी विम्याच्या कार्डावर कोण कोण तपासतं त्याची छापील यादीही दिली. आणि मी उठत असताना डॉक्टर म्हणाले, "पिठाची निघाली तर काम सोडावं लागेल हं, मनाची तयारी ठेवा." चप्पल बदला म्हणावं इतक्या सहज! हे वाक्य मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, आणि वन्संना तर नाहीच. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात. पीठ सोडून मी करू काय? मला दुसरं काही येत नाही. खरं सांगायचं तर दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नाही.

४ मार्च, मंगळवार

सहाला नवं पोतं उघडलं, चाळलं. काही नाही.
साडेसहाला यीस्ट भिजवलं. काही नाही.
सातला निळ्या डब्यातली पावडर मिसळली. सात पाचला शिंका, एकामागून एक अकरा. सव्वासातला मागच्या पायरीवर जाऊन बसले, श्वास पुरेना.
बहुतेक सकाळची गार हवा बाधते.

निळ्या डब्याचं इथे लिहून गेले खरी, पण ते डॉक्टरांना दाखवायचं नाही. त्यांच्यासाठी वेगळी चांगली प्रत करीन. त्याचं असं आहे, की आमच्या बेकरीच्या दारावर मालकांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी आहे: 'पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. दुसरं काही नाही.' त्या पाटीवर लोक येतात. पण समोर नवं दुकान आलं, त्यांचा पाव तीन दिवस मऊ राहतो. आमचा दुसऱ्या दिवशी कडक. गिऱ्हाईक रस्ता ओलांडायला लागलं. डिसेंबरच्या शेवटी मालकांनी हा डबा आणला आणि साखरेच्या पोत्यामागे ठेवला. "बाई, हे आपल्या दोघांतच," म्हणाले. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. सत्तरीचा माणूस. ज्यांनी मला पीठ हाताला कसं लागलं पाहिजे ते शिकवलं, त्यांनी एवढंसं मागितलं, तर मी काय नाही म्हणणार होते? मी शब्द दिला.

५ मार्च, बुधवार

आज वन्संनी यादी ताब्यात घेतली. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत त्यांनी. चष्मा लावला, पाठ ताठ केली, आणि असा काही सरकारी आवाज काढला की ह्यांनी घाबरून पेपर खाली ठेवला. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: "कार्ड चालतं का?"

पहिले डॉक्टर वारले. तेही चार वर्षांपूर्वी. फोन त्यांच्या सुनेने घेतला. वन्संनी तिचं सांत्वन केलं आणि वर पंधरा मिनिटं तिच्या जावेच्या तक्रारीही ऐकून घेतल्या.
दुसरे परदेशी स्थायिक.
तिसरे फक्त लहान मुलं तपासतात. "पेशंटचं वय?" "एकोणपन्नास." पलीकडची मुलगी हसली, तर वन्सं तिच्यावरच डाफरल्या.
चौथ्यांकडे कार्ड चालतं, पण दम्याला, ॲलर्जीला नाही. बरं, दमा म्हणून येतो. तर म्हणे डॉक्टर दमा बघत नाहीत.
पाचव्यांकडे 'कार्ड' शब्द ऐकून फोनच ठेवला.
सहाव्यांकडे नुसतं गाणं वाजत राहिलं. वन्संनी फोन खांद्याला धरून भाजी निवडली, धुतली, चिरली. भाजी शिजली तरी गाणं चालूच.

माझा तर धीरच सुटला. वन्सं म्हणाल्या, "अगं, मी संपाच्या दिवसांत मंत्र्याला लाइन जोडून दिली होती. हे डॉक्टर म्हणजे काय! एक राहिलाय, उद्या बघते." आजवर मी त्यांच्याशी किती वेळा भांडले असेन, देव जाणे. आज मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

६ मार्च, गुरुवार

सातवा नंबर लावला. पुरुषाचा आवाज आला, "कुलूप की ॲलर्जी?"

एकतीस वर्षं टेलिफोनवर काढलेल्या वन्सं गप्प! मीच ओरडले, "ॲलर्जी!"

झालंय असं, की यादीत त्या डॉक्टरबाईंच्या नंबरातले दोन आकडे उलटे छापले गेले आहेत. तो नंबर निघतो एका कुलूपवाल्याचा. किल्ल्या बनवतात, अडकलेली कुलपं उघडतात. तीन वर्षं झाली, त्यांना ॲलर्जीवाल्यांचे फोन येतायत. पहिलं वर्षभर लोकांवर नुसते खेकसायचे, असं त्यांनीच सांगितलं. मग एके दिवशी एका बाईचा फोन आला, मागे लेकरू रडत होतं. त्यांना राहवेना. उठून विमा कचेरीत गेले, खरा पत्ता शोधून काढला आणि त्या बाईला उलटा फोन करून दिला. यादी पुन्हा छापू तेव्हा सुधारू, असं कचेरीने सांगितलं. "तोवर मी आहेच," म्हणाले.

आणि नुसता पत्ता नाही! डॉक्टरबाई कार्डवाल्यांना मंगळवारी बघतात. दवाखान्याची चिठ्ठी लागते आणि तिच्यावर शिक्का गोलच हवा, चौकोनी असला तर परत पाठवतात. चाचणीच्या आधी सात दिवस सर्दी-खोकल्याची गोळी घ्यायची नाही, नाहीतर चाचणी फुकट. जिना अरुंद आहे, मधल्या वळणावर बसायला बाकडं आहे, लाज न बाळगता बसायचं. हे सगळं त्यांनी वन्संना लिहून घ्यायला लावलं आणि मग परत वाचून दाखवायला सांगितलं. वन्संना कुणी परत वाचायला लावतंय आणि त्या वाचतायत, हे मी प्रथमच पाहिलं.

ना ओळख ना पाळख! जगात अशी माणसं आहेत, आणि मी मात्र दिवसभर जगाला शिव्या घालत होते.

११ मार्च, मंगळवार

चिठ्ठी मिळाली, शिक्का गोल. पुढच्या मंगळवारचा नंबर लागला. वन्संनी कुलूपवाल्यांना तसं कळवायला फोन केला. वीस मिनिटं कळवत होत्या.

मालकांचं मन किती मोठं आहे ते मला आता कळतंय. शुक्रवारी माझी पायरीवरची अवस्था त्यांनी पाहिली. आज गेले तर पावडर त्यांनी आधीच मोजून मिसळलेली. "तुम्ही लांब थांबा, हे मी करतो." माझं टेबलही खिडकीजवळ सरकवलं, पंखा आणला. मळायला घेतलं तसा त्रास झालाच, पण कमी. मी म्हटलं, मालक, कशाला एवढं करता? तर नुसतं "असू दे, असू दे" करत आत गेले. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. वयाने थकले बिचारे.

१८ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंना भेटले. सगळ्यांत आधी लिहिते: कार्ड पुढे केल्यावर तोंड वाकडं झालं नाही. घेतलं, नंबर उतरवला, "बसा" म्हणाल्या. एवढ्यानेच मला भरून आलं. ह्यांनी सुट्टी टाकली होती. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पण तो अरुंद जिना माझा हात धरून एकेक पायरी चढला. वर गेल्यावर तोच जास्त धापा टाकत होता.

बाईंनी सगळं विचारलं. किती वाजता जाता, आधी काय उघडता, रविवारी कसं असतं. इतकं निवांत मला कुणी विचारलंच नव्हतं. छातीत खाली एक सूर लागतो म्हणाल्या, श्वास अडकला की तोंडाने ओढायचा एक फवारा लिहून दिला. मग म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी चाचणी. रोज हाताला लागतं ते सगळं थोडं थोडं डब्यांत घालून आणा. सगळं म्हणजे सगळं."

जिना उतरताना ह्यांना विचारलं, "पिठाचीच निघाली तर?" हे म्हणाले, "तर बघू." आमच्यात 'बघू' म्हणजे ह्यांनाही झोप नाही.

२५ मार्च, मंगळवार

पीठ नाही! पीठ नाही! पीठ नाही!

आता नीट लिहिते. चाचणीसाठी मी नवं पोतं फोडलं. मधलं पीठ घेतलं, तीन वेळा चाळलं, काचेच्या धुतलेल्या बरण्यांत भरलं. डॉक्टरांकडे न्यायचं म्हणजे काय तळाचा गाळ न्यायचा? बावीस वर्षांची अब्रू आहे माझी. यीस्ट नेलं, बनांना लागणारे तीळ आणि दुधाची पावडर नेली. बाईंनी बरण्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "इतकं सुंदर पीठ मी पाहिलं नाही." मला काय अभिमान वाटला!

हातावर पेनाने आकडे लिहिले, थेंब टाकले, सुईने टोचलं. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही. एका ठिकाणी डास चावल्यासारखी गांध उठली, तशी मी ओरडलेच. पण ती उठायलाच हवी असते म्हणे, चाचणी नीट झाल्याची ती खूण. बाकी सगळीकडे हात साफ.

बाई मात्र खूश दिसल्या नाहीत. "आणखी काही वापरता?" मी म्हटलं, "नाही." "नीट आठवा." मला दारावरची पाटी दिसत होती. साखरेच्या पोत्यामागचा डबाही दिसत होता. म्हटलं, "पावात म्हणाल तर पीठ, पाणी, मीठ, यीस्ट. दुसरं काही नाही."

खोटं बोलले. कार्ड हसत घेणाऱ्या बाईंशी खोटं बोलले, ह्याचं वाईट वाटतंय. पण दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि पावडर ती केवढी, चिमूटभर. तिने काय होणार!

तशीच बेकरीत गेले आणि ओरडूनच सांगितलं, "मालक, पिठाची नाही!" मालक पोत्यावर मटकन बसले. त्यांचाही जीव भांड्यात पडला असणार.

वन्सं घरी नव्हत्या. कुलूप दुरुस्तीला नेलं आहे. आमचं कुलूप परवापर्यंत तर नीट चालत होतं.

२९ मार्च, शनिवार, रुग्णालय

इथले डॉक्टर म्हणतात, पडून राहा. तरी लिहिते.

काल शाळेची मोठी ऑर्डर होती. मालक दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. दुप्पट घाण्याला दुप्पट पावडर. पिठाची नाही म्हटल्यावर भीती कसली? डबा मीच उघडला, माप भरून ओतलं, हवेत पांढरा धुरळा उडाला. पुढचं मला तुटक आठवतं. दोरी एकदम आवळली गेली. फवारा पिशवीत, पिशवी खुंटीला, खुंटी समोर, आणि तिथवर पोचता येईना. हवा आत जाते, बाहेर येत नाही. मी मरतेय, असं अगदी स्पष्ट वाटलं.

मालक दारात आले ते पाहिलं. त्यांनी मला पावांच्या गाडीत घातलं आणि स्वतः चालवत इथे आणलं. भट्टीत चार ट्रे तसेच राहिले. त्या बेकरीत पाव जळल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

दुपारी हे आले. पलंगाच्या कडेला बसले आणि रडायलाच लागले. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "काम गेलं तर जाऊ दे गं," म्हणाले, "आपण काहीतरी करू." मी दवाखान्यातलं ते वाक्य शेवटी सांगून टाकलं. ह्यांना माहीत होतं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलेलंच होतं, त्यांनी वाचलं होतं, आणि तेही माझ्यापासून लपवत होते. मग आम्ही दोघं हसायला लागलो आणि मला खोकला आला, तशी नर्स ह्यांच्यावर ओरडली.

आता मला डब्याचा संशय आहे. लिहितानाही लाज वाटते. ही वही पहिल्यापासून वाचली. प्रत्येक पानावर तेच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. डॉक्टरबाईंना सांगायला हवं. सांगितलं तर पाटी खोटी ठरते, आणि मालकांची चाळीस वर्षं खोटी ठरतात. नाही सांगितलं तर बाई माझ्यावर उपचार तरी कशावर करणार? मंगळवारी जाऊन सांगणार. मालकांची माफी नंतर मागेन.

१ एप्रिल, मंगळवार

सांगायची वेळच आली नाही.

वन्सं आणि हे दोघं मला धरून जिना चढले. मधल्या बाकड्यावर बसलो. वर गेलो तर खोलीत डॉक्टरबाईंच्या समोरच्या खुर्चीत मालक! इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पिशवी. मला पाहून उभे राहिले. पिशवीतून निळा डबा काढून बाईंच्या टेबलावर ठेवला.

"हे मी आणलं," म्हणाले. "ह्या काही बोलल्या नसतील. मी शब्द घेतला होता त्यांचा. ह्यांना पायरीवर धापा टाकताना पाहिलं, तेव्हाच मला शंका आली होती, डॉक्टर. म्हणून मी स्वतः मिसळायला लागलो. पण डबा बंद नाही केला. दुकान बुडेल ह्या भीतीने नाही केला."

म्हणजे पंखा, खिडकी, 'तुम्ही लांब थांबा', सगळं त्यासाठी होतं! मी वहीत 'मन किती मोठं' लिहून ठेवलंय. मला राग यायला हवा होता. आला. भयंकर आला. वन्संना तर माझ्याहून जास्त आला, त्या मालकांना तिथेच काय काय बोलल्या. मालक खाली मान घालून ऐकत राहिले. मग मला त्यांच्या शर्टाची बटणं दिसली, एक घर सोडून लावलेली. त्यांना कुणी सांगणारं नाही घरी. राग होता तिथेच होता, पण तो एकटा राहिला नाही.

डॉक्टरबाई आम्हा सगळ्यांवर उखडल्या. "मी पोलीस आहे का? मला पाटीशी काय करायचंय? मला ह्यांचा श्वास हवाय." मला म्हणाल्या, "आणि तुम्ही! मी सगळं म्हटलं होतं, तुम्ही निवडून आणलंत." छाती निवळेपर्यंत दोन आठवडे घरी, मग डब्याची चाचणी.

१५ एप्रिल, मंगळवार

पावडर पाण्यात अगदी पातळ करून एकच थेंब टाकला, टोचलं. पाच मिनिटांत हातावर लालभडक गांध, रुपयाएवढी. बाजूला पिठाची जागा जशीच्या तशी. ह्या वेळी पीठ रोजच्या पोत्यातलं होतं, न चाळलेलं. बाईंनीच तसं बजावलं होतं.

बाईंनी समजावलं. पाव मऊ राहावा म्हणून त्या पावडरीत बुरशीपासून काढलेला एक पदार्थ असतो. तो खाऊन मला काही होत नाही, त्याचा धुरळा नाकात गेला की होतं. आता ती पावडर त्या खोलीत कधीच नको. सगळी जागा ओल्या फडक्याने पुसून काढायची. तोंडाला मास्क, फवारा खिशात, आणि दर महिन्याला तपासणी. तसं केलंत तर पीठ मळा, खुशाल मळा.

खुशाल मळा! मी बाईंचा हात धरला आणि सोडेचना. त्या म्हणाल्या, "अहो, बाहेर अजून नऊ जण आहेत." बाहेर खरंच नऊ जण होते, नऊही जणांच्या हातात कार्ड. मी प्रत्येकाला म्हटलं, काळजी करू नका, चांगल्या आहेत.

पण पावडर नाही म्हणजे पाव दुसऱ्या दिवशी कडक, आणि समोर ते दुकान. ते आता माझ्या हातात नाही, मालकांच्या हातात आहे. मी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही, फक्त "सोमवारी या" एवढंच म्हणाले.

२१ एप्रिल, सोमवार

बेकरी ओळखू येईना. भिंती पुसलेल्या, फळ्या घासलेल्या, खालची जाळीसुद्धा काढून धुतलेली. तीन दिवस मालक आणि हे मिळून करत होते. हे मला सांगत होते, जादा कामाचे तास आहेत! ह्या माणसाला मी काय म्हणू?

मास्क लावून पीठ हातात घेतलं. हात घाबरत होते, पण पीठ तसंच होतं. अर्धा तास झाला, तास झाला. मालक दर पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून आत यायचे, माझ्याकडे बघायचे आणि जायचे. साडेसातला मी म्हटलं, "मालक, जिवंत आहे." ते म्हणाले, "तेच बघायला येतोय."

२४ एप्रिल, गुरुवार

तिसरा दिवस जरा वाईट गेला, फवारा दोनदा लागला. आज बरी आहे.

सकाळी रोज पाव नेणाऱ्या शिक्षिका आल्या. मी आत पीठ मळत होते, पडद्याआडून सगळं ऐकू येतं. "अहो, कालचा पाव आज दगड झालाय. मधे तीन-चार महिने किती छान मऊ येत होता. असंच चाललं तर मी समोरून घेईन."

गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर मालक काय करतात ते मला पाठ आहे. माफी मागतात, वर दोन बन फुकट देतात. माझे हात थांबले.

"मऊ यायचा, कारण मी त्यात पावडर घालत होतो," मालक म्हणाले. "पाटीवर नव्हती लिहिली. ते माझं चुकलं. आता घालणार नाही. आमच्या बाईंना त्याने श्वास घेता येत नाही."

बाहेर पिशवी काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला. मग शिक्षिका म्हणाल्या, "मग आजचा द्या. आजच खाऊन टाकू."

मी मास्कच्या आत रडले. मास्क पार ओला झाला, बदलावा लागला.